कुंदाचं स्पॅनिश गाऱ्हाणं

कुंदा, तुझ्या तेराव्याला तुझ्या जावेने मला आमटी वाढताना विचारलं, तुम्ही कुंदाच्या शाळेतल्या का. मी म्हटलं, नाही, क्लासमधली. त्या वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे लायब्ररी ती तुम्हीच?" पंगतीतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी पानात बघत हो म्हटलं. तू घरी माझं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतंस हे मला तिथे कळलं, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

आपली ओळख तशी अलीकडचीच. आपण एका शाळेतल्या नाही, एका गल्लीतल्या नाही. तू लालबागची, महापालिकेच्या शाळेत सगळी नोकरी केलेली. मी गिरगावातली, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालत निवृत्त झालेली. दादरला साडीच्या दुकानावरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर स्पॅनिशचा वर्ग निघाला, तेव्हा आपल्या दोघींखेरीज सगळे पंचविशीच्या आतले होते. आपली शिक्षिका तन्वीसुद्धा. पहिल्या दिवशी मी कडेच्या बाकावर बसले आणि तू धापा टाकत येऊन शेजारी बसलीस. मी "बसा ना" म्हटलं, तर तू पिशवी खाली ठेवायच्या आधी मला सुनावलंस. "एका बाकावर बसणाऱ्या अहो-जाहो करत नाहीत. मी कुंदा. तू?"

मी नाव सांगितलं. पुढे तू ते क्वचितच वापरलंस, मला लायब्ररीच म्हणायचीस.

मग तू विचारलंस की मी हे कशाला शिकतेय. मी म्हटलं, वाचायला. आमच्या ग्रंथालयात स्पॅनिश पुस्तकांचं एक कपाट होतं, मी वर्षानुवर्षं त्यावरची धूळ झटकली, आत काय आहे ते कधी कळलं नाही, ते आता कळून घ्यायचंय. तू माझ्याकडे दयेने बघितलंस. म्हणालीस, "आणि बोलणार कोणाशी? पुस्तकाला बस म्हटलं तर ते बसतं का?" मला राग आला होता. घरी जाताना बसमध्येसुद्धा तो गेला नव्हता. मी घरात एकटी राहते, हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तू हेच बोलली असतीस.

तुझं कारण साधं होतं. तुझी शिल्पा व्हॅलेन्सियाला, जावई तिकडचाच, आणि दोन नाती, नऊ वर्षांची इरा आणि सहा वर्षांची लूना. त्यांना मराठी थोडं कळतं, बोलता येत नाही. शिल्पा मध्ये बसून तुझं त्यांना सांगायची आणि त्यांचं तुला. ते तुला नको होतं. "मध्ये शिल्पा आली की पोरी तिच्याच तोंडाकडे बघतात. माझ्याकडे कोण बघतं? मी नुसती मागे हलणारं चित्र," असं तू मला क्लासखालच्या उडप्याकडे कॉफी पिताना सांगितलंस. म्हणून तिसऱ्याच तासाला तू हात वर करून तन्वीला विचारलंस, "बाय, दोघींना एकदम कसं ओरडायचं ते सांग." तन्वी म्हणाली, आज्ञार्थ अजून बराच पुढे आहे, आधी एकवचन पक्कं करू. तू म्हणालीस, "मला नाती दोन आहेत. एकवचन घेऊन मी काय करू?" सगळा वर्ग हसला. तन्वीने त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर अनेकांना करायच्या आज्ञा लिहिल्या. या, बसा, खा, ऐका. तू त्या अशा टिपून घेतल्यास जशी काही दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

आणि होतीच. रविवारी तू फोनवर मुलींना म्हणालीस, "सिएंतेन्से." बसा. दोघी लोळून हसल्या. तन्वीचं पुस्तक मेक्सिकोकडचं होतं. तिकडे सगळ्यांना तसंच म्हणतात. पण स्पेनमध्ये ते रूप परक्यांसाठी, मानाच्या माणसांसाठी ठेवलेलं. शिल्पाने तुला समजावलं की, आई, तू त्यांना अहो-जाहो करतेयस, त्या म्हणतात आजी पोलिसांशी बोलल्यासारखी बोलते. आपल्याला हे सुचणारच नाही, कारण आपलं एकच 'बसा' चाळीस पोरांनाही चालतं आणि एका सासऱ्यालाही. मंगळवारी तू तन्वीला फैलावर घेतलंस. मला त्या पोरीची दया आली. पण तिने दुसरं रूप काढून दिलं, घरच्या माणसांना एकत्र म्हणायचं. बेनीद, या. कोमेद, खा. सेंताओस, बसा. आणि नको म्हणायचं असलं की शब्दाचा चेहरामोहराच पालटतो हेही सांगितलं. मुलं कण्हायला लागली. तू म्हणालीस, "त्यात काय एवढं? आपलं 'या' आणि 'येऊ नका' तरी कुठे एकासारखं दिसतं?"

तू पाठ करायचीस ती पद्धत मला कधी जमली नाही. मी वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ते करायची. तू ती क्रियापदं जगावर सोडायचीस. सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीवाल्यांना, पदपथावरच्या कबुतरांना, क्लासच्या जिन्यात बोलत उभ्या असलेल्या मुलांना. उडप्याकडे शेजारच्या टेबलावर दोन माणसं भांडत होती, त्यांना तू शांतपणे स्पॅनिशमध्ये गप्प बसा म्हटलंस आणि ती खरंच गप्प बसली. तू मला म्हणालीस, "बघ. आवाज बरोबर असला की भाषा कुठलीही चालते." मी म्हटलं, माझ्याकडे तो आवाज नाही. तू म्हणालीस, "आहे. तू वापरत नाहीस. गंजेल."

गेल्या गणपतीला शिल्पा मुलींना घेऊन आली होती. मी तुमच्याकडे आले नाही, तू चारदा बोलावलंस तरी. गर्दीचं कारण सांगितलं होतं. पण गणपतीनंतरच्या पहिल्या तासाला तू जे सांगितलंस ते मी तिथे असल्यासारखं मला दिसतं. तुझे मोठे दीर अण्णा, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मागे सगळं घर हात जोडून. बा देवा म्हाराजा, ही जी काय लेकरां तुझ्यासमोर उभी आसत तेंका सुखी ठेव, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." आमच्या घरात ही पद्धत नाही, आमचा देवाशी व्यवहार मनातल्या मनात. तुमच्याकडे मात्र मागायचं ते मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी त्याला होकार भरायचा. तुझ्या नातींना ते फार आवडलं. दोघी बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. ते संपल्यावर इराने तुझा पदर ओढून विचारलं, आपण कशाला हो म्हणालो?

"नलू," तू मला म्हणालीस, आणि त्या दिवशी लायब्ररी नाही म्हणालीस, "मला सांगताच येईना गं. जेवा, झोपा, भांडू नका एवढंच येतं मला. ती उभी राहून वाट बघत होती. मग शिल्पाने सांगितलं तिला काहीतरी दोन शब्दांत."

तू ते शिल्पाला विचारलंस का नाही, असं मी म्हटलं. शिल्पाने सगळं लिहून दिलं असतं. तू मान हलवलीस. पुढच्या गणपतीला गाऱ्हाण्यातली ओळ न् ओळ तुला स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगायची होती, तिथेच, देवासमोर उभं राहून, अण्णांच्या मागोमाग. त्यांना कळलं पाहिजे की त्यांच्यासाठी काय मागतात. अण्णांना तू हे सांगितलंस तेव्हा त्यांनी विचारलं, देवाक कळतला काय तां? तू उलट विचारलंस, "देवाक मालवणी तरी कोणी शिकवल्यान, भावजी?" ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

त्याच महिन्यात तन्वीने सबजंक्टिव्ह काढला. घडलेल्या गोष्टींचं एक रूप असतं आणि मनातल्या गोष्टींचं दुसरं, असं तिने सांगितलं. घडावं असं वाटतं, घडेल का ही शंका आहे, घडू नये अशी भीती आहे, त्या सगळ्यांसाठी. वर्ग सुन्न. तू माझ्याकडे झुकून म्हणालीस, "म्हणजे आमचं गाऱ्हाणंच की." आणि थोड्या वेळाने तुझ्या लक्षात आलं की मानाच्या माणसांना करायची आज्ञा आणि कोणासाठी केलेली इच्छा, दोन्हींचा शब्द एकच आहे. कोमान, आपण खा. के कोमान, त्यांनी खावं. त्यावर तू जी हसलीस. "आयुष्यभर मी वर्गात बसा बसा ओरडले. ती इच्छाच होती गं. बसलं कोण?"

तेव्हापासून तास संपला की आपण उडप्याकडे बसून गाऱ्हाण्याचं स्पॅनिश करायचो. तू एक ओळ मालवणीत म्हणायचीस, मी क्रियापद शोधायची. त्यांनी शिकावं. त्यांच्या पोटात चार घास वेळेवर जावेत. प्रवासात त्यांना कोणी भला माणूस भेटावा. इडापिडेला काय म्हणायचं यावर दोन तास गेले आणि शेवटी तू 'जे काही वाईट येत असेल ते' असं म्हणून हात झटकलेस. वेटरला आपलं टेबल ठाऊक झालं होतं. तो विचारायचा, "मावशी, देवाचं कुठपर्यंत आलं?"

तिथून पुढे आपण अडलो. गाऱ्हाण्यात नुसता एक देव नसतो. घरातले जे कोण पूर्वज, गावचे राखणदार, वाटेवरचे, वेशीवरचे, त्या सगळ्यांना एकत्र बोलवायचं असतं. या, बसा, पोरांवर नजर ठेवा. मी म्हटलं, इथे मानाचं रूप हवं. बेंगान. आपण सगळे या. तू म्हणालीस, नाही, बेनीद. "माझे सासरे, माझा नवरा, माझी आई. यांना मी पोलिसासारखं बोलवू?" मी म्हटलं, त्यांच्याबरोबर देवही आहेत. तू म्हणालीस, देव कुठे परका आहे? मी म्हटलं, प्रश्न परकेपणाचा नाही, आदराचा आहे. तू म्हणालीस, "आदर तुमच्या गिरगावात. आमच्याकडे देवाला अरे म्हणतात." आपण तन्वीला विचारलं. ती बिचारी म्हणाली, दोन्ही चालेल. त्यावर आपण दोघी तिच्यावर नाराज झालो.

तो वाद मिटला नाही. पुढच्या तासाला तू आली नाहीस. शिल्पाच्या चुलतभावाचा फोन आला की तुझ्या छातीत दुखलं आणि तुला परळच्या इस्पितळात नेलंय. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तुझ्या नाकाला नळी होती आणि तू शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलांना रांगेत उभं राहायला सांगत होतीस. मला बघून तू म्हणालीस, "बेनीद. बेंगान नाही. सांगून ठेवते." मी म्हटलं, आधी बरी हो, मग बघू. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, ही अशीच, कधी हो म्हणायची नाही. त्यानंतर आपण मराठीत किंवा कुठल्याही भाषेत काही बोललो नाही. रात्रीत तू गेलीस.

मला लोक विचारतात, शेवटी काय बोलणं झालं. मी काही सांगत नाही. सांगायला घेतलं तर आधी त्यांना निम्मं स्पॅनिश शिकवावं लागेल.

तू गेल्यावरच्या मंगळवारी मी क्लासला गेले. मुलांनी तुझी जागा रिकामी ठेवली होती आणि मी तिच्यावर पिशवी ठेवली. ती रिकामी दिसू नये म्हणून. तन्वीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काही दिवस सुट्टी घ्यायची का, किंवा पुढच्या बॅचबरोबर आलं तरी चालेल. मी म्हटलं, नाही, आज कुठली क्रियापदं आहेत? त्या दिवशी नियम न पाळणारी होती. असणं, जाणं, कळणं, देणं. भाषेत जी क्रियापदं सर्वांत जास्त वापरली जातात तीच कुठल्याही नियमात बसत नाहीत, आणि ती फक्त पाठ करावी लागतात. मी लिहून घेतली. कुंदा, मला रडायचं होतं, पण 'जावो' हे रूप मला शेवटच्या ओळीसाठी हवं होतं आणि ते एकदाच फळ्यावर येणार होतं.

शिल्पा मुलींना घेऊन आली होतीच. दिवस संपले की लगेच रविवारी परत जायचं होतं, मुलींची शाळा. या गणपतीला यायला जमणार नाही, पुढचंही काही सांगता येत नाही, असं ती तेराव्याला मला म्हणाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा देवापुढे नारळ ठेवून प्रवासाचं गाऱ्हाणं घालणार होते. मी शिल्पाला आपल्या कामाविषयी सांगितलं. तिला थोडं ठाऊक होतं. मी म्हटलं, उरलेलं मी पुरं करून देते, तू म्हण. तुझी स्पॅनिश माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. ती पदराशी चाळा करायला लागली. मग म्हणाली, "मावशी, मी पहिल्याच ओळीला रडेन, आणि मला रडताना बघून त्या दोघी रडतील. मग कोण ऐकणार? आईने तुमच्याबरोबर केलंय. तुम्हीच म्हणा."

मी आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभी राहून बोलले नाही. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा नुसती हात जोडून बसले. तू असतीस तर मी नाही म्हटलं असतं आणि तू मला ढकललं असतंस. तू नव्हतीस, म्हणून मला हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे गेले. ते खिडकीशी बसून काडेपेटीतल्या काडीने दात कोरत होते. मला बघून काडी टाकली आणि खुर्ची पुढे केली. मी सगळं नीट सांगितलं. तुम्ही म्हणाल ती ओळ, आणि तिच्यामागे मी तीच त्यांच्या भाषेत. तुमच्या ओळीला हात लावणार नाही. अण्णा ऐकत राहिले. नंतर ते म्हणाले की बाहेरच्या माणसाने देवासमोर बोलायची रीत नाही. मी म्हटलं, मी मागत नाहीये, मी फक्त पोरींना सांगतेय. ते म्हणाले, "कागद बघून म्हणशात?"

मी म्हटलं, हो, लिहून आणते स्वच्छ.

"तां नाय चालूचां," ते म्हणाले. "गाऱ्हाणां वाचूचां नसतां, बाई. कागद हातात धरून देवाकडे मागलां तर तो अर्ज झालो."

आतून तुझी जाऊ हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी नकार दिला नव्हता हे जिना उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी अट घातली होती.

माझ्याकडे शनिवार संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. जिचं सगळं आयुष्य कागदावर गेलं तिला कागदाशिवाय उभं राहायचं होतं. मी तक्ते मिटून ठेवले आणि तुझी पद्धत धरली. घरात फेऱ्या मारत मोठ्याने म्हणायला लागले. आमच्या चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येईना, इतका तो जाड आणि बसलेला होता. शेजारच्या पाठारेवहिनी दारात आल्या आणि बरं वाटत नाहीये का म्हणून विचारून गेल्या. मी सांगितलं, मैत्रिणीचं एक काम आहे. बाजारात भाजीवालीपुढे म्हटलं, तिला वाटलं मी भाव करतेय आणि कोथिंबीर वर घातली. जिथे अडखळायची तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी क्लासमध्ये तन्वीने सगळ्यांना बसवून माझ्याकडून ते म्हणवून घेतलं आणि त्या मुलांनी, कोणीही न सांगता, दर ओळीला होकार भरला. त्यांच्यातला अर्धा वर्ग गुजराती आणि तमीळ. व्हय म्हाराजा म्हणताना त्यांची जी त्रेधा झाली ती तुला बघायला हवी होती.

एक जागा मात्र मी मोकळी ठेवली होती. पूर्वजांची. तिथे काय म्हणायचं ते मी ठरवलं नव्हतं. माझं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटत होतं, आणि तू गेलीस एवढ्यासाठी वादात तुला जिंकू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तसं करणं तुला आवडलंही नसतं.

शनिवारी मी वेळेच्या आधी पोचले. देव अण्णांच्या खोलीत. नारळ, पानाचा विडा, समई. पुढे अण्णा, त्यांच्या डाव्या हाताला मी, मागे शिल्पा आणि तिच्या दोन बाजूंना इरा आणि लूना, त्यांच्या मागे सगळं घर आणि मजल्यावरचे शेजारी. दारातही माणसं उभी होती. अण्णांनी माझ्या हातांकडे बघितलं. ते रिकामे होते. त्यांनी मान हलवली आणि सुरुवात केली.

पहिली ओळ माझ्या तोंडून कशी निघाली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मागे एकदम शांत झालं, आणि मग लूनाचा बारीक आवाज आला, "आ, एंतिएंदो." कळतंय मला. त्यानंतर मी देवाकडे बघणं सोडून दिलं आणि मुलींकडे वळून म्हणायला लागले. अण्णा म्हणायचे, मी म्हणायची, सगळे होकार भरायचे. के एस्तुदिएन. त्यांनी शिकावं. व्हय म्हाराजा. के कोमान बिएन. त्यांनी पोटभर खावं. व्हय म्हाराजा. खाण्याच्या ओळीला इराने लूनाला कोपराने ढोसलं, कारण लूना भाज्या खात नाही.

मग अण्णा पूर्वजांवर आले. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. त्यांचे आजोबा, त्यांचे वडील, आई, तुझे यजमान. शेवटी, श्वास न घेता, तुझं नाव.

कुंदा, मला हे कसं सुचलं नव्हतं? त्या जमावात आता तू होतीस. बोलवायचं होतं ते तुलाही. तुला मी 'आपण यावे' असं कसं म्हणणार होते? तू पिशवी खाली ठेवायच्या आधी मला सुनावलं असतंस. मी म्हटलं, बेनीद. बेनीद तोदोस. कुइदाद आ लास निन्यास. या गं सगळे. पोरींना सांभाळा. आणि अण्णांच्या ओळीत नसलेलं एक माझं घातलं, नो ओस बायाइस. जाऊ नका. देवांना चाललं असेल असं मी धरून चालते. नसेल तर तू बघून घे, तू आहेस तिकडे.

अण्णांनी शेवटची ओळ म्हटली, प्रवास सुखाचा जावो, माझंही झालं, होकार झाला. ते नारळाला हात लावणार तेवढ्यात इरा पुढे आली. तिला वाटलं असावं की आता मागायची पाळी तिची. तिने माझ्यासारखे हात जोडले, देवाकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "के बुएल्बा आजी."

मला ते समजलं. शिल्पाला समजलं, तिने पदराचा बोळा तोंडात धरला. लूनाला समजलं. बाकी कोणालाच नाही. आणि ओळ संपली की होकार भरायचा, एवढं अण्णांना रक्तात ठाऊक. ते खणखणीत म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि त्यांच्यामागे सगळी खोली म्हणाली, दारातले म्हणाले. मला वाटलं आपण थांबवायला हवं होतं. पण इराचा चेहरा मी बघितला. एवढ्या मोठ्या माणसांनी एका आवाजात तिच्या बाजूने बोलल्यावर पोरीचे खांदे खाली आले, आणि तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा ती रडली. शिल्पाने तिला जवळ घेतलं.

गर्दी पांगल्यावर अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणालां तां चेडू?"

मी सांगितलं. आजी परत येऊ दे, असं म्हणाली.

अण्णा देव्हाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठीवरून काही कळत नव्हतं. समईची वात त्यांनी उगीचच पुढे सारली.

"मगे व्हय म्हटलंय तां बरां केलंय," ते म्हणाले, आणि नारळ फोडायला कोयता आणायला आत गेले.